विहिणीशी भांडण्यापुरती भाषा

माझ्या लेकाला कुणी दुभाषा म्हणून कामावर ठेवलं, तर ठेवणाऱ्याचं दिवाळं निघेल. त्याची सासू, म्हणजे माझी विहीणबाई, इंडोनेशियात जावा बेटावर राहते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला, की ती बाई हातवारे करून, डोळे मोठे करून, मधेच हसून, मधेच गळा भरून इतकं बोलायची, की मला वाटायचं, आता काहीतरी जबरदस्त ऐकायला मिळणार. मी लेकाकडं बघायचे. तो म्हणायचा, "कशा आहात विचारतायत."

"एवढंच?"

"एवढंच."

"आरं, मग मगापासनं ती काय शिंकत होती व्हय?"

माझंही तसंच. मी विहिणीला निमगाव केतकीच्या बाजारापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगायचे आणि हा पठ्ठ्या दोन शब्दांत गुंडाळून टाकायचा. दोन बायका समोरासमोर बसून एकमेकींचं तोंड बघतायत आणि मधे हा कुलूप लावून बसलाय, असली आमची सोयरीक.

लेक बारामतीच्या एका कंपनीकडनं साखर कारखान्याची मशिनरी बसवायला तिकडं गेला होता. तिथल्या कारखान्याच्या लॅबमधे उसाचा रस तपासणारी पोरगी त्यानं बघितली आणि आमची सून झाली. लग्न तिकडंच लागलं. आम्ही इकडं ओसरीवर पाट मांडला, पाटावर मोबाईल उभा केला, त्याला हळदकुंकू लावलं आणि मंगलाष्टका म्हणत सगळ्या भावकीनं मोबाईलवर अक्षता टाकल्या. एक तांदूळ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला. त्या मोबाईलनं नंतर जन्मभर त्रास दिला, पण लग्न चांगलं टिकलंय.

काही वर्षं तिकडं संसार करून दोघं गेल्या साली इकडं आले. लेकाला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. सुनेचं इथं राहायचं आणि काम करायचं सरकारी कार्ड आलं, ते मी माझ्या पाटल्यांच्या डब्यात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. महत्त्वाची वस्तू, हरवायला नको म्हणून.

तर त्या शिंकण्याच्या रविवारनंतर मी ठरवलं, की ही भाषा आपणच शिकायची. दुपारी सून शेंगा सोलत बसली होती, तिला म्हटलं, "पोरी, मला तुझ्या आईशी बोलाय शिकव."

ती एवढी हसली, की सोललेले दाणे टरफलात गेले. मग गंभीर झाली आणि म्हणाली, "आई, पहिलं काम करायची जागा शिकायची."

"आगं, पहिलं नमस्कार-चमत्कार शिकवायचं सोडून हे काय?"

तिनं सांगितलं, तिच्या आईला नवीन माणूस भेटलं की ती नाव नंतर विचारते. आधी विचारते, 'केर्जा दि माना?' म्हणजे, काम कुठं करता? तिची आई कारखान्याच्या गेटसमोर छोटी खानावळ चालवते. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कुठल्या ना कुठल्या खात्यातलं, त्यामुळं माणूस कुठल्या खात्यातला आहे ते कळलं, की तिला तो सगळा कळला. मी म्हटलं, मग आमच्यात तरी काय निराळं हाय? पोरगी बघायला पाव्हणं आलं, की आम्ही विचारतोच की, "पोरगं कुठं असतं?" त्याचा अर्थ पोरगं आत्ता कुठल्या खोलीत बसलंय असा कुणी घेत नाही. कुठं नोकरीला आहे, असाच घेतात.

तिथनं आमची शाळा सुरू झाली. स्वैपाकघर म्हणजे 'दापुर'. गाईंचा गोठा 'कंदांग सापी'. ऊस 'तबू' आणि साखर 'गुला', म्हणजे साखर कारखाना 'पाब्रिक गुला'. गोडाऊनला 'गुदांग' म्हणतात, खुर्चीला 'कुर्सी', आणि भाषेला 'बाहासा'. मी म्हटलं, एवढे आपल्यासारखे शब्द घेऊन बसलेत, मग मला आजवर काही कळत कसं नव्हतं? सून म्हणाली, "आई, तुम्ही ऐकत न्हाय, तुम्ही बोलता." तिचं मराठी माझ्याकडनंच शिकलेलं. त्यामुळं टोमणे पक्के आणि व्याकरण कच्चं.

सकाळी भाकरी थापताना मी शब्द म्हणायचे. थापताना एक, तव्यावर टाकताना एक, उलटताना एक. आमचे मालक ओसरीवर चहा घेत बसलेले असायचे. एके दिवशी तिथनं म्हणाले, "सकाळच्या पारी कुणाला शिव्या देतीस?"

"शिव्या न्हायत. इस्पितळाला 'रुमा साकित' म्हणत्यात. रुमा म्हणजे घर आणि साकित म्हणजे आजारी."

"आजाऱ्याचं घर व्हय? मग माझी कंबर धरल्यापासनं हेच रुमा साकित हाय," म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

घरातले शब्द संपले तेव्हा आम्ही रस्त्याला लागलो. सून स्कूटी चालवायची, मी मागं पिशवी धरून बसायचे. इंदापूरला जाताना पेट्रोलपंप दिसला की ती ओरडायची, "आई, इनी आपा?" म्हणजे हे काय? मी मागनं ओरडायचे, "पोम बेन्सिन!" शाळा दिसली की "सकोला!" बँक दिसली की "बांक!", ती फुकटचीच. गॅरेजला 'बेंगकेल'. दुकान 'तोको'. ऑफिसला 'कान्तोर', आणि हा शब्द मात्र मला चटकन बसला. ज्या इमारतीत गेल्यावर 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगतात ती 'कान्तोर', अशी मी खूणगाठ बांधली. तहसील कान्तोर, लाईटचं बिल भरायचं ते कान्तोर. सिग्नलला शेजारच्या गाडीवरची माणसं वळून बघायची. आम्हाला काय त्याचं!

एकदा तिला पळसदेवला नेलं. उजनीच्या पाण्यातनं माणसं जाळी काढत होती, टोपलीत चिलापी उड्या मारत होती. सुनेनं तो मासा बघितला आणि पहिल्यांदा तिचा चेहरा असा फुलला, की मला कसंतरीच झालं. एवढे महिने ती आमच्या घरात हसत होती, पण ते हसणं आणि हे हसणं एक नव्हतं, हे मला त्या काठावर दिसलं. कोळ्याला त्यांच्यात 'नलायान' म्हणतात. मासे घेतले, घरी आलो, आणि मी त्यावर जास्त विचार केला नाही, सरळ विसरून गेले. खरं सांगायचं तर मला वाटलं, पोरीला मासे आवडतात, दर आठवड्याला आणावेत.

पलीकडच्या घरातली माझी जाऊ मला विचारायची, "आता शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय गं तुला?"

"तुझ्यासारखं नुसतं ऐकू येऊन उपयोग न्हाय. समजायबी पायजे," मी म्हणायचे.

पोळ्याच्या सुमाराला माझी तयारी झाली. बाजारच्या दिवशी लेकाला सांगितलं, फोन लावून दे आणि तू बाजूला हो. मोबाईल समोर धरून मी निमगावच्या बाजारात शिरले आणि छाती काढून म्हटलं, "बेसान, इनी पासार!" विहिणीला त्यांच्यात 'बेसान' म्हणतात. आमच्या मालकांनी त्यावरनं बेसनाचे आणि पिठल्याचे विनोद करून करून पार कंटाळा आणलेला आहे, ते इथं सांगत नाही.

विहीणबाईनं किंचाळून टाळ्या वाजवल्या. तिच्या खानावळीत बसलेली चार माणसंसुद्धा मोबाईलमधे डोकं घालून बघायला लागली. मी भाजीवाली दाखवली, भांड्यांचं दुकान दाखवलं, "तोको!" पंक्चर काढणारा दाखवला, "बेंगकेल!" तो बिचारा हात पुसून नमस्कार करायला लागला. विहिणीनं वांग्याकडं बोट करून काहीतरी विचारलं, बहुतेक भाव विचारला. आता मला आकडे कुठं येत होते! मला फक्त कामाच्या जागा येत होत्या. मी म्हटलं, "पासार, पासार," आणि पुढं सरकले.

मग ती आमच्या माणसांवर आली. लेक? मी म्हटलं, "पाब्रिक." मालक? "केबुन," म्हणजे शेत. थोरली पोरगी बारामतीला नर्स आहे, "रुमा साकित". सगळे प्रश्न मला कळत होते आणि सगळ्यांची उत्तरं येत होती. अहाहा, काय सांगू! दहावीच्या परीक्षेत मला असं कधी झालं नव्हतं. मग तिनं विचारलं, "आनाक साया?" माझी मुलगी? केर्जा दि माना?

ह्या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते. आमच्याकडं सोयऱ्यासमोर मिरवायचं असेल तर ते एकाच गोष्टीनं. 'तुमच्या पोरीला आम्ही कामाला लावली न्हाय. तिच्या हाताला माती लागू दिली न्हाय.' माझ्या आईला माझ्या सासूनं असं कधी म्हटलं नाही. माझ्या थोरल्या पोरीच्या सासूनं मला म्हटलं नाही. ते वाक्य ऐकायला बायका जन्म काढतात, आणि ते मी आज माझ्या विहिणीला तिच्या भाषेत, भर बाजारात, चार माणसांदेखत म्हणणार होते.

"तिदाक केर्जा!" मी छातीवर हात मारून म्हटलं. काम करत नाही! "दि रुमा!" घरी असते!

विहिणीचं हसू थांबलं. तिनं विचारलं, "साकित?"

"तिदाक साकित," मी म्हटलं. आजारी कशाला असेल? चांगली धडधाकट आहे. मी परत म्हटलं, "तिदाक केर्जा," जरा जोरात, न जाणो तिला बाजाराच्या गोंगाटात नीट ऐकू आलं नसेल. तिनं मान हलवली. खानावळीतली माणसं एकेक करून मोबाईलमधनं बाजूला झाली. फोन बंद झाल्यावर मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि मनात म्हटलं, बाईला आनंदानं बोलता आलं नाही.

त्यानंतर विहिणीचे फोन वाढले, पण ते माझ्याकडं येईनात. सून मोबाईल घेऊन गच्चीवर जायची. खाली येताना डोळे लाल. मी विचारलं तर "काय न्हाय, आई." शेवटी एकदा जेवताना लेकानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. तिकडं गळीत हंगाम चालू आहे, जुन्या लॅबमधे माणूस कमी आहे, सासूबाई म्हणतायत पोरीला पाठवून द्या.

"किती दिवसांसाठी?" मालकांनी विचारलं.

लेकानं मोडलेला तुकडा ताटात परत ठेवला. त्यातनंच मला सगळं कळलं. ती गेली की महिन्याभरात तिच्यामागं हाही जाणार. मग आम्ही दोघं आहोत, गाई आहेत आणि रविवारचा मोबाईल आहे.

आणि मला दुःख झालं की मी गप्प बसत नाही, मला राग येतो. दुसऱ्या दिवशी सून मेथी निवडत होती. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "काय कमी केलं गं आमी तुला? सांग. काय कमी पडलं?"

तिनं मेथीची काडी हातात तशीच धरली. "आई, कमी न्हाय," ती म्हणाली. "जास्त झालं. सगळं बसून मिळतं. मी बसून बसून संपली."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही सगळ्यांना किती आनंदानं सांगता, सून काम करत न्हाय. मी कसं सांगू?" मग काडी खाली ठेवून म्हणाली, "तिकडं सगळ्यांना माहीत होतं, मी कुठं काम करते. इकडं फक्त माहीत आहे, मी कुणाची कोण."

मी उठले आणि गोठ्यात जाऊन गाईला बडबडले. गाय शहाणी, सगळं ऐकून घेते. लहानपणापासनं उन्हातनं पाट्या वाहिलेल्या बाईला सावलीत बसणं म्हणजे स्वर्ग. तोच स्वर्ग मी पोरीला दिला होता, आणि ती म्हणते मी संपली. मला तिचा राग आला, विहिणीचा आला, आणि कुणाचा येत नव्हता तेव्हा मालकांचा आला. तसंच आत आले, मोबाईल घेतला आणि विहिणीला फोन लावला. म्हटलं, काय असेल ते आज तोंडावर भांडून टाकू.

आता भांडणाची गंमत अशी, की भांडायला शब्द लागतात. आणि माझ्याकडं शब्द होते ते बँक, शाळा, गोडाऊन, पेट्रोलपंप. 'तुझ्या पोरीला मी पोटच्या पोरीसारखी ठेवली आणि तू तिला परत न्यायला निघालीस होय गं' हे पेट्रोलपंपाच्या भाषेत कसं म्हणायचं? विहीण खानावळीत कढईसमोर उभी होती. मला बघून तिनं हातातला झारा खाली ठेवला. ती बोलायला लागली. सगळं कळलं नाही, पण 'केर्जा' कळलं, 'लाब' कळलं, 'आनाक साया' कळलं. माझी मुलगी, माझी मुलगी, असं ती परत परत म्हणत होती आणि एप्रनच्या टोकानं नाक पुसत होती. ही बाई माझ्याशी भांडत नव्हती. ती घाबरली होती. माझ्या थोरलीचा फोन दोन दिवस आला नाही की मी जशी होते, तशी ती दिसत होती.

माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक, पण तोंड उघडलेलं होतं, ते मिटेना. माझ्याकडचे होते नव्हते ते शब्द मी गोळा केले. "दि सिनी जुगा पाब्रिक गुला!" मी ओरडले. इथंसुद्धा साखर कारखाना आहे! "दि सिनी जुगा लाब!" इथंसुद्धा लॅब आहे! आणि मग, देवाशप्पथ, कसं तोंडातनं गेलं मला माहीत नाही, "आनाक इबू केर्जा दि सिनी!" तुमची मुलगी इथं काम करेल.

विहिणीनं एप्रनचं टोक सोडलं. मग हळूच म्हणाली, "जान्जी, बू?"

हा शब्द मला येत नव्हता. दाराआड सून उभी होती, ती पुढं आली. "शब्द देता का, विचारते," ती म्हणाली.

आमच्यात शब्द असा हवेत देत नाहीत. मी उठले, पानाच्या डब्यातनं अख्खी सुपारी काढली, मोबाईल डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर अडकित्त्यानं सुपारी फोडली. लग्न ठरताना फोडतात तशी. कटकन आवाज झाला. विहिणीला काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण ती सुपारीकडं बघतच राहिली आणि "पिनांग, पिनांग!" म्हणत दोन्ही हात जोडून रडायला लागली. सुनेनं मला सांगितलं, त्यांच्यातसुद्धा मुलगी मागायला जाताना सुपारी नेतात.

मालक शेतातनं आले तेव्हा ताटलीत सुपारीची खांडं पडलेली. "कुणाची सुपारी फोडलीस?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"कारखान्यात सून? लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. शब्द दिलाय."

"कुठल्या भाषेत?"

"त्यांच्या."

"मग तो आपल्यात धरायचा का?" त्यांनी एवढं प्रामाणिकपणं विचारलं, की मला रागावताही येईना. मी म्हटलं, "आवं, शब्द कुठल्याबी भाषेतला असू द्या, सुपारी आपल्या डब्यातली हाय." टोपी परत घालून म्हणाले, "ते कार्ड पाटल्यांच्या डब्यात कशाला ठेवलंय मग? काढ बाहेर." आणि सुपारीचं एक खांड तोंडात टाकून अंगणात गेले.

दसरा झाल्यावर मी आणि सून जवळच्या साखर कारखान्यावर गेलो. हंगाम तोंडावर आलेला, लॅबला माणसं लागणारच होती. मुख्य केमिस्टनं तिची तिकडची सर्टिफिकेटं बघितली, दोन-चार प्रश्न विचारले, रस तपासायच्या मशिनीपाशी नेलं. तिथं ती दोघं ब्रिक्स आणि कसलंकसलं बोलत राहिली आणि मी स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेवटी साहेबांनी जरा काळजीनं विचारलं, "यांना मराठी येतं का? लॅबमधे सगळी आपलीच पोरं आहेत."

"येते," सून म्हणाली. "भांडायला पण येते. आईनी शिकवलं."

साहेब हसले. मी पदर तोंडाला लावला. हंगामापुरती नोकरी लागली, आणि दिवाळी झाली तशी ती रोज सकाळी पांढरा एप्रन पिशवीत घालून स्कूटीवर जायला लागली. पहिल्या दिवशी जाऊ कुंपणावरनं म्हणाली, "सून कामाला लावलीस व्हय?"

"लावली. लॅबमधे हाय. तुझ्या उसात किती साखर आणि किती पाणी, तेच बघणारंय आता." जाऊबाई आत गेल्या.

संध्याकाळी सून आली की तिच्या अंगाला मळीचा वास यायचा. तिकडंसुद्धा हाच वास, असं ती म्हणाली, आणि हात धुवायच्या आधी एकदा ओंजळ नाकाशी धरायची. घरी आल्यावर बोलायला एवढं असायचं, की मालकांना बातम्या ऐकू यायच्या नाहीत. विहिणीचे फोन परत रविवारी आणि माझ्याकडं यायला लागले. माझे शब्दही वाढले. आकडे आले, भाजीचे भाव आले, गुडघा आला. हंगाम संपला, कारखान्याचा उसाचा पट्टा बंद पडला, तरी साहेबांनी तिला लॅबच्या दुसऱ्या कामाला ठेवून घेतली.

आणि मग मे महिना उजाडला. मे महिन्यात तिकडचा हंगाम सुरू होतो. सुनेच्या मोबाईलवर तिच्या मैत्रिणींचे फोटो यायला लागले, उसाचे ट्रक, धुराडं, गेटवरची माणसं. ती ते बघत बसायची आणि मी तिच्याकडं बघत बसायचे. विचारायची हिंमत होत नव्हती. मी, जी सासूला कधी घाबरली नाही! विहिणीला मी नोकरीचा शब्द दिला होता, तो पाळला. पण पोर तुमच्याकडंच राहील, असा शब्द मला कुणी दिला होता? कुणीच नाही.

रविवारी फोन आला. विहीण खानावळीत नव्हती, घरात होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "बेसान, लिहात, कामार." बघा, खोली. हे मला दुभाष्याशिवाय कळलं. तिनं मोबाईल फिरवला. एक लहानशी खोली, खिडकी, पलंगावर धुतलेली चादर. सून माझ्या खांद्यामागनं बघत होती. ती हळूच म्हणाली, "माझी. लग्न झालं तरी आईनी तशीच ठेवली." म्हटलं, झालं. पोरीसाठी आवरून ठेवली. आता बोलावणार.

तेवढ्यात भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला एक पांढरा एप्रन दिसला. मोबाईल आणखी फिरला आणि दारात उभी असलेली एक पोरसवदा मुलगी दिसली, लाजून नमस्कार करणारी. विहीण बोलत होती. माझे शब्द संपले, तेव्हा मी सुनेकडं बघितलं. सून म्हणाली, "माझ्या जुन्या लॅबमधे नवीन लागली. लांबच्या गावची आहे. आईनी खोली तिला भाड्यानं दिली." मग परत म्हणाली, "माझी खोली दिली."

विहिणीनं मोबाईल स्वतःकडं वळवला आणि माझ्याकडं बघितलं, फक्त माझ्याकडं. एवढी बोलणारी बाई, आणि मी एवढी बोलणारी. मी तोंडाला पदर लावला, तिनं खानावळीचा एप्रन.

सुनेनं माझ्या हातातनं मोबाईल घेतला. मला वाटलं, ती आत जाऊन रडेल. पण तिनं त्या नव्या मुलीला बोलावलं आणि तिला भराभरा काहीतरी सांगायला लागली, हातानं दाखवून, गुडघा वर उचलून.

"काय सांगतीस गं तिला?" मी विचारलं.

"खिडकी," ती म्हणाली. "पावसात फुगते. हातानं लागत न्हाय, खालनं गुडघ्यानं ढकलायची. हे आईला पण माहीत न्हाय, मलाच माहीत." आणि परत मोबाईलकडं वळून, पलंग कुठल्या भिंतीला लावला तर पाणी गळत नाही, ते सांगायला लागली.